तसबिरीतले डोळे कुणाकडे बघतात?

तुमच्या वर्गात नाहीतर मुख्याध्यापकांच्या खोलीत तसबिरी असतीलच. गाडगेबाबा, सावित्रीबाई, बाबासाहेब, पंजाबराव. त्यांतली अशी एक तसबीर निवडा, जिच्यातली व्यक्ती थेट समोर बघते आहे. आता खोलीच्या डाव्या कोपऱ्यात जा. नजर तुमच्यावर. उजव्या कोपऱ्यात जा. तिथंही नजर तुमच्यावरच! पाच जणांनी पाच ठिकाणी उभं राहून बघा. पाचही जण म्हणतील, "माझ्याकडेच बघताहेत."

यात जादू नाही, भूमिती आहे. समोर खरा माणूस बसला असेल आणि तुम्ही त्याच्या उजव्या बाजूला सरकलात, तर त्याचा उजवा कान जास्त दिसू लागतो, डावा गाल नाकाआड जातो, आणि बुबुळ डोळ्याच्या मध्यावरून एका कडेला गेलेलं दिसतं. त्यावरून तुम्हाला कळतं की तो आता तुमच्याकडे बघत नाही. तसबीर मात्र सपाट असते. तुम्ही कुठंही जा, नाकाआड गाल लपत नाही, बुबुळ जागचं हलत नाही. चित्रकारानं ते डोळ्याच्या मधोमध काढलं असेल, तर खोलीतल्या सगळ्यांना ते आपल्याकडे वळलेलं वाटतं. आणि त्यानं ते बाजूला बघणारं काढलं असेल, तर तुम्ही कितीही कोपरे बदला, ती व्यक्ती तुमच्याकडे कधीच बघणार नाही.

सपाट कापडावर नाकाचा उंचवटा दिसतो, गालाची गोलाई दिसते, डोळ्यातली ओल दिसते. हे सगळं माणसानं शोधून काढलं, शिकलं आणि दुसऱ्याला शिकवलं. कुणी शोधलं, आणि ते आपल्याकडे कसं पोचलं? ही गोष्ट युरोपातून निघते, तिची एक वाट पुण्याला येते आणि दुसरी अमेरिकेला जाते. आणि चित्राला लागणारं बरंचसं सामान तर आपल्या परतवाड्याच्या आसपासच मिळतं!

साग, कापूस आणि जवस

जुनं तैलचित्र उलटं करून मागून बघितलं, तर आधी दिसते लाकडी चौकट. मेळघाटातलं सागवान परतवाड्याच्या डेपोत येतं, हे तुम्हाला सांगायला नको. चौकटीचं लाकूड असं हवं, जे पावसाळ्यात फुगणार नाही आणि उन्हाळ्यात पीळ खाणार नाही. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे ते पाण्याला आणि वाळवीला सहजी दाद देत नाही.

चौकटीवर ताणून बसवलेलं असतं कापड, म्हणजे कॅनव्हास. युरोपात ते बहुधा लिननचं असायचं, आज सुती कॅनव्हासही भरपूर वापरतात. सुती म्हणजे कापसाचं, आणि कापूस म्हणजे वऱ्हाड.

आता रंग. रंग म्हणजे दोन गोष्टी: रंगीत पूड आणि ती धरून ठेवणारा चिकट पदार्थ. गेरूची पूड पाण्यात कालवून भिंतीला लावली, की वाळल्यावर हाताला लागते. तीच पूड गोंदाच्या पाण्यात कालवली, की ती कागदाला चिकटून बसते. आणि जवसाच्या तेलात घोटली, की तयार होतो तैलरंग! हो, तेच जवस, ज्याची चटणी तुम्ही भाकरीबरोबर खाता. निळ्या फुलांच्या या झाडाची गंमत बघा: बियांपासून तेल निघतं आणि खोडातल्या धाग्यापासून लिनन. म्हणजे युरोपातल्या कितीतरी जुन्या चित्रांचं कापडही जवसाचं आणि रंगातलं तेलही जवसाचं. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाड आणि मध्य प्रांतातलं जवस मुंबईच्या बंदरातून जहाजांनी युरोपात जात असे.

पण तेल तर वाळत नाही, मग चित्र कसं वाळतं? एक प्रयोग करा. काचेच्या तुकड्यावर एक थेंब शेंगदाणा तेलाचा आणि एक थेंब जवसाच्या तेलाचा बोटानं पातळ पसरवा. काच धूळ बसणार नाही अशा उजेडाच्या जागी ठेवा आणि रोज बघा. शेंगदाणा तेल तसंच ओलं राहील. जवसाचं तेल आधी चिकट होईल आणि काही दिवसांनी त्यावर साय धरल्यासारखा पापुद्रा येईल. पाणी वाळतं म्हणजे वाफ होऊन उडून जातं. जवसाचं तेल उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू शोषून घेतं. तेलाचे रेणू प्राणवायूच्या मदतीनं एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचं जाळं तयार होतं. त्या जाळ्यात रंगाची पूड कायमची अडकते.

एक काळजी मात्र जरूर घ्या. या क्रियेत उष्णता निर्माण होते. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून ढीग करून ठेवली, तर आतली उष्णता बाहेर पडू शकत नाही आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. म्हणून प्रयोग मोठ्यांना सांगून करा. पुसलेलं फडकं पाण्यात भिजवून ठेवा आणि नंतर उघड्यावर पसरून वाळवा.

तेल कापडाला थेट लागलं, तर धागे हळूहळू ठिसूळ होतात. म्हणून चित्रकार आधी कापडावर सरस लावतात, त्यावर पांढऱ्या रंगाचा थर देतात, आणि मग चित्राला हात घालतात.

सावकाश वाळण्याचा फायदा

आपल्याकडचे जुने चित्रकार गोंदातले रंग वापरून कागदावर लहान लहान चित्रं काढत. दागिन्यातला एकेक मोती, अंगरख्यावरची एकेक बुटी दिसेल इतकं बारीक काम! चेहरा बहुधा बाजूनं, एका डोळ्याचा. हे रंग बघता बघता वाळतात. त्यामुळे स्वच्छ रेघ आणि सपाट, झगझगीत रंग ही त्या चित्रांची शान.

तैलरंग वाळायला दिवस लागतात. गालाचा उजळ रंग आणि त्याशेजारचा सावलीचा रंग दोन्ही ओले असताना चित्रकार कोरडा ब्रश त्यांच्या सीमेवरून हलकेच फिरवतो. सीमा पुसली जाते आणि गाल गोल दिसू लागतो. युरोपात यान व्हान आयक या चित्रकारानं पंधराव्या शतकात हे तंत्र फार वरच्या पायरीला नेलं. त्याचं १४३३ सालचं एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. डोक्याला लाल कापड गुंडाळलेला एक माणूस सरळ आपल्याकडे बघतो आहे. त्याच्या दाढीचे खुंट आणि डोळ्यातल्या बारीक शिरासुद्धा दिसतात.

१७९२: एक वाट पुण्याला, एक अमेरिकेला

आता सालं नीट लक्षात ठेवा, कारण इथून गंमत आहे.

१७९२ मध्ये जेम्स वेल्स नावाचा स्कॉटलंडचा चित्रकार मुंबईहून पुण्याला आला. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट तेव्हा पेशव्यांच्या दरबारी होता. वेल्सनं तरुण सवाई माधवराव पेशव्यांचं तैलचित्र काढलं, नाना फडणविसांचं काढलं आणि महादजी शिंद्यांचंही. इतिहासाच्या पुस्तकात नानांचा उभट, विचारी चेहरा पाहिलाय ना? नानांचा चेहरा आपल्याला ठाऊक आहे तो मुख्यतः वेल्समुळे. शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळासुद्धा निघाली आणि पुण्यातले काही कलाकार तिथं युरोपीय पद्धतीनं काढायला शिकले.

त्यांच्यात नाव घ्यावं असा एक होता गंगाराम चिंतामण तांबट. पेशव्यांनी पाळलेल्या प्राण्यांमधल्या गेंड्याचं त्यानं वेल्स यायच्या आधीच, १७९० मध्ये, चित्र काढलं होतं. गेंड्याच्या कातडीच्या जाड घड्या, त्यांच्याखालची सावली, हे सगळं त्यानं समोर बघून टिपलं. वेरूळची लेणीही त्यानं कागदावर उतरवली.

वेल्स १७९५ मध्ये वारला आणि पेशव्यांच्या दरबाराचं मोठं चित्र राहून गेलं. ते पुढं थॉमस डॅनियल या चित्रकारानं वेल्सच्या कच्च्या चित्रांवरून १८०५ मध्ये पूर्ण केलं.

इकडे वेल्स पुण्यात पोचला, त्याच १७९२ साली लंडनमध्ये काय झालं? तिथल्या रॉयल अकॅडमी या मोठ्या कलासंस्थेचा अध्यक्ष म्हणून बेंजामिन वेस्टची निवड झाली. हा वेस्ट जन्मानं अमेरिकेतला! तो लंडनला येऊन स्थायिक झाला होता, आणि त्याच्या घरी अमेरिकेतून एकामागून एक शिष्य येत राहिले. गिल्बर्ट स्टुअर्ट आला, शिकला, परत गेला आणि त्यानं जॉर्ज वॉशिंग्टनचं चित्र काढलं. एक डॉलरच्या नोटेवरचा चेहरा त्याच चित्रावरून घेतलाय. थॉमस सली १८०९ मध्ये आला. पुढं १८३८ मध्ये त्यानं खुद्द इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचं चित्र काढलं.

आणि १८११ मध्ये आला सॅम्युअल मोर्स. हे नाव ओळखीचं वाटतं? बरोबर, टिंब आणि रेघेची तारेची लिपी काढणारा मोर्स तो हाच! तो मुळात व्यक्तिचित्रं काढणारा चित्रकार होता. १८२५ मध्ये तो वॉशिंग्टन शहरात एका थोर सेनानीचं चित्र काढत होता. त्याच वेळी दूर न्यू हेवनला त्याची बायको वारली. बातमी पत्रानं आली. तो घरी पोचला, तोवर तिला मूठमाती देऊनही झाली होती. त्या काळी बातमी घोड्याच्या पायांनी नाहीतर बोटीनं चालायची.

१८३२ मध्ये मोर्स युरोपातून चित्रकलेचा अभ्यास करून जहाजानं परतत होता. विजेच्या साह्यानं तारेतून निरोप पाठवता येईल, ही कल्पना त्या प्रवासात त्याच्या मनात आली. पहिलं यंत्र बनवायला पैसे नव्हते, म्हणून त्यानं हाताशी होतं ते घेतलं: कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट! ती उभी ठोकली आणि तिच्यात विद्युतचुंबक आणि पेन्सिल बसवली. खालून कागदाची पट्टी सरकायची आणि वीज आली की पेन्सिल हलून पट्टीवर खूण उमटायची. १८४४ मध्ये वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तारेनं निरोप गेला. चित्राच्या चौकटीतून यंत्र निघालं!

मोर्स कॉलेजात शिकला ते न्यू हेवनच्या येलमध्ये. आपल्या पुण्याच्या गंगाराम तांबटानं काढलेली चित्रं आज कुठं जपून ठेवली आहेत, माहीत आहे? त्याच येलच्या संग्रहालयात.

गाविलगड घेणाऱ्याचे तीन चेहरे

परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला गेलात, की गाविलगड लागतो. १५ डिसेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातला हा गड इंग्रजांनी घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, वय ३४. पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच.

याच्या चेहऱ्याचे तीन नामवंत चित्रकारांनी तीन अवतार करून ठेवलेत. गाविलगडानंतरच्याच वर्षी, १८०४ मध्ये, भारतात राहणाऱ्या रॉबर्ट होमनं त्याला काढलं. १८१२ मध्ये वेलस्ली स्पेनच्या माद्रिद शहरात शिरला, तेव्हा तिथल्या गोयानं त्याला काढलं. या चित्रात डोळे मोठे, चेहरा थकलेला, लढाई करून आलेला माणूस दिसतो. वॉटर्लूनंतर लंडनच्या थॉमस लॉरेन्सनं त्याला काढलं, तेव्हा तो हाताची घडी घालून विजयी वीरासारखा उभा आहे. माणूस तोच, पण प्रत्येक चित्रकाराला त्याच्यात वेगळं काही दिसलं. लॉरेन्सच्या शैलीवर अमेरिकेचा सली इतका लुब्ध होता, की त्याला अमेरिकेचा लॉरेन्स म्हणत.

गोयाच्या चित्रात तर एक गुपित सापडलं. त्याचा क्ष-किरण फोटो काढला, तेव्हा छातीवरच्या पदकांखाली आधी काढलेल्या खुणा दिसल्या. वेलस्लीला नवी पदकं मिळाली तशी गोयानं ती चित्रात बदलली होती! हे क्ष-किरणांना कसं कळलं? जुना पांढरा रंग शिशापासून बनवत. शिसं जड धातू असल्यामुळे क्ष-किरण त्यातून पार जात नाहीत. म्हणून वरून दुसऱ्या रंगानं झाकलं, तरी खालचा शिशाचा पांढरा रंग फोटोत उमटतो. शिसं विषारी असल्यामुळे आज त्याच्याऐवजी टायटेनियमचा पांढरा रंग वापरतात.

आपले चित्रकार

१८५७ मध्ये मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. इथं आपली मुलं समोर माणूस बसवून तैलरंगात काढायला शिकली. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये या शाळेत दाखल झाले, तिथंच शिकवूही लागले आणि त्यांनी आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्याचं नाव 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. नावावरूनच कळतं, किती काळ ते तिथं रमले!

गोव्याचे आंतोनियो शाव्हिएर त्रिंदाद याच शाळेत शिकले आणि शिकवायला लागले. लोक त्यांना पूर्वेचा रेम्ब्रां म्हणत. रेम्ब्रां हा सतराव्या शतकातला हॉलंडचा चित्रकार. तो चेहऱ्यावर एका बाजूनं, थोडा वरून उजेड पाडायचा. अशा उजेडात दुसऱ्या बाजूचा गाल सावलीत जातो, पण डोळ्याखाली उजेडाचा एक लहानसा त्रिकोण उरतो. आजचे फोटोग्राफरसुद्धा त्या उजेडाला रेम्ब्रांचंच नाव देतात.

केरळचे राजा रविवर्मा तर कुठल्या शाळेत न जाताच तैलरंग शिकले. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार त्रावणकोरच्या दरबारी आला. त्याला काम करताना बघून आणि मग स्वतः करून करून रविवर्मांचा हात बसला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून खूप चित्रं काढून घेतली. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या चित्रांना पारितोषिकं मिळाली. ज्या अमेरिकेतली मुलं चित्रकला शिकायला युरोपात जात होती, त्या अमेरिकेनं आपल्या चित्रकाराचं कौतुक केलं! पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी पोचल्या.

आणखी एक चित्र सांगायलाच हवं. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास आपल्या मुलीचं एक चित्र काढलं. तिच्या एका हातात दिवा आहे, दुसऱ्या हाताचा पंजा ज्योतीसमोर आडोशाला धरलाय. हे चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि कितीतरी लोक ते रविवर्मांचं समजतात. त्यातली बोटं लालसर उजळली आहेत. का, ते बघायचंय? अंधारात मोबाइलचा टॉर्च बोटांखाली धरा. बोटं लाल दिसतील, कारण रक्त हिरवा-निळा प्रकाश शोषून घेतं आणि लाल प्रकाश बराचसा पार होतो. हळदणकरांनी हे अचूक टिपलं. आणि नवल म्हणजे हे तैलचित्र नाही, जलरंगातलं आहे! जलरंगात उजेड दाखवायला पांढरा रंग लावत नाहीत, तिथला कागद कोरा राखतात. हात जरा चुकला की उजेड गेला!

आता तुमची पाळी

वेल्सकडून पुण्याचे कलाकार शिकले, वेस्टकडून अमेरिकेची मुलं शिकली, जेन्सनकडे बघून रविवर्मा शिकले. देश वेगळे, माणसं वेगळी, पण शिकण्याची रीत एकच: समोर बघायचं आणि खूप वेळ बघायचं. तैलरंग महाग असतात, ते नसले तरी काही अडत नाही. पेन्सिल आणि वहीचं कोरं पान पुरे.

आजीला किंवा आजोबांना खिडकीशेजारी बसवा. खिडकी उत्तरेची असेल तर उत्तम, कारण आपल्याकडे सूर्य वर्षाचा बराच काळ दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून सहसा थेट ऊन येत नाही आणि सावल्या भराभर सरकत नाहीत. घरातला दिवा बंद करा, म्हणजे उजेड एकाच बाजूनं येईल. आता डोळे किंचित मिटून बघा. बारीकसारीक गोष्टी पुसट होतील आणि चेहऱ्यावर उजेडाचे आणि सावलीचे ठळक तुकडे दिसतील. आधी ते तुकडे मांडा, नाक-डोळे मग.

एक चूक सगळेच करतात: डोळे फार वर काढतात. आजीच्या हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंतचं अंतर पेन्सिलीनं मापून बघा. डोळे जवळजवळ बरोबर मध्यावर असतात. बुबुळ काळं करताना एक तिळाएवढी जागा कोरी ठेवा. डोळ्याच्या ओल्या पृष्ठभागावर पडलेलं खिडकीचं ते प्रतिबिंब. दोन्ही डोळ्यांत ते एकाच बाजूला हवं, कारण खिडकी एकच आहे. एवढ्या एका ठिपक्यानं डोळा जिवंत होतो.

पहिलं चित्र आजीसारखं दिसलं नाही, तरी फाडू नका. मागे आजीचं नाव, गाव आणि तारीख लिहा आणि वही जपून ठेवा. जुन्या संग्रहांत अशी कितीतरी सुंदर चित्रं आहेत, ज्यांतल्या माणसाचं नाव कुणीच लिहून ठेवलं नाही. तुमच्या घरच्या माणसांवर ती पाळी येऊ देऊ नका. या रविवारी बसा आणि काढा!